बांधाखालचं गढूळ पाणी

“माझं कुणालाच खरं वाटत नाही!” असं उठल्यापासून झोपेपर्यंत ओरडणारी एक टिटवी एका जंगलात राहत असे. आणि मुलांनो, तिचं एवढं म्हणणं मात्र अगदी खरं होतं. कुणालाच तिचं काही खरं वाटत नसे.

त्याला कारणही तसंच होतं. गाय दिसली की टिटवी ओरडायची. ढगाची सावली सरकली की ओरडायची. वाळकं पान घरंगळत आलं तरी ओरडायची. तेही अशा जिवाच्या आकांतानं, की ऐकणाऱ्याच्या तोंडातला घास गळून पडावा. सुरुवातीला सगळे धावत यायचे. येऊन पाहतात तर काय, दगडावर सरडा! मग हळूहळू यायचे बंद झाले. तुम्ही तरी किती वेळा गेला असता? तेव्हा त्या जंगलातल्यांना लगेच नावं ठेवू नका.

पण टिटवीलाही ठेवू नका. तिची जागा कुठे होती ते आधी ऐका. त्या जंगलात एक तळं होतं. फार पूर्वी माणसांनी मातीचा बांध घालून ते अडवलं होतं. माणसं पुढे कुठेतरी निघून गेली. बांध राहिला, तळं राहिलं, बांधावर झाडं वाढली. अख्ख्या जंगलाचं पिणं आणि न्हाणं त्या तळ्यावर. बांधाच्या एका अंगाला पाणी, आणि दुसऱ्या अंगाला, खाली, गोट्यांची उघडी जागा. तिथे टिटवीचं घर. घर कसलं डोंबलाचं! टिटवी काही घरटं विणत नाही. उघड्या जमिनीवर थोडे खडे इकडे सरकवते, थोडे तिकडे, आणि मध्ये अंडी घालते. एकदा घातली की ती उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. कुणी आलं तर टोचायला मोठी चोच नाही, ओरबाडायला नखं नाहीत. मग ओरडण्यावाचून त्या बाईनं करायचं तरी काय?

एके दिवशी सकाळी टिटवी अंड्यांवरून उठली आणि तिच्या पायाला ओल लागली. तो जुना बांध थोडासा पाझरायचाच. एक बारीकशी धार खाली उतरायची, अगदी काचेसारखी स्वच्छ. टिटवी त्यातच पाणी प्यायची. पण त्या दिवशी धार गढूळ होती. खाली चहासारखं लाल डबकं साचलं होतं, आणि त्यात तांबूस अळ्यांसारखं काहीतरी वळवळत होतं. त्या डबक्याची कड अंड्यांच्या दिशेनं सरकत होती.

“अहो, उठा!” ती टिटव्याला म्हणाली. “पाण्याचा रंग बघा.”

टिटवा स्वभावानं गार. त्यानं मान वळवून पाहिलं. “डुक्कर लोळलं असेल एखादं.”

“डुक्कर काय बांधाच्या पोटात शिरून लोळतंय? स्वच्छ पाणी येतं ते एकटं येतं. गढूळ पाणी माती घेऊन येतं. ती माती कुठून आली, सांगा बरं?”

बांध पुरता फुटला तर पहिल्यांदा काय वाहून जाणार, हे दोघांनाही कळलं होतं. टिटवा अंड्यांवर बसला आणि टिटवी उडाली.

ती गेली थेट टेकडीवर. जंगलाचा कारभार तिथूनच चाले. कारभारी होता कोल्हा. आता कोल्हा म्हटल्याबरोबर तुम्ही नाक मुरडू नका. हा काही लबाड नव्हता. गोड बोलायचा, सगळ्यांची विचारपूस करायचा. टेकडीवरच्या मोठ्या खडकाखाली त्याचं घर, आणि त्याच खडकाच्या सावलीत भर दुपारी जंगलाची बैठक भरायची. बैठक म्हटलेलं त्याला खपत नसे. कार्यशाळा म्हणायचं! हरणं यायची, ससे यायचे, मोर पिसारा सावरत यायचा. कोल्हा बोलायचा, बाकीचे माना डोलवायचे, आणि उन्हं कलली की सगळे घरी जायचे.

टेकडी लांब. टिटवी पोचली तेव्हा दुपार झाली होती आणि कोल्हा ऐन रंगात आला होता. “तर मंडळी, तळ्याचा आपण सर्व बाजूंनी अभ्यास केला आहे.”

“कधी केलात?” टिटवी ओरडली.

“आज सकाळीच, टिटवीबाई. मी स्वतः फिरून आलो. पाण्यातल्या मरळ मासळीला विचारलं, पाणी आहे का? ती म्हणाली, आहे. बांधावरच्या सुतारपक्ष्याला विचारलं, झाड उभं आहे का? तो म्हणाला, उभं आहे. बांधाच्या पोटात ती काटेवाली साळू राहते, तिला हाक मारून विचारलं, बीळ जागेवर आहे का? ती म्हणाली, हं. पाणी आहे, झाड आहे, बांध आहे. म्हणजे तळं ठीक आहे.”

“आणि बांधाखाली गढूळ पाणी आलंय, त्याचं काय?”

कोल्हा विचारात पडला. मनापासून पडला, खोटं कशाला बोला. “ते कुणाला विचारायचं, हाच प्रश्न आहे. पाणी म्हणून मरळीला विचारावं, तर ते तळ्याच्या बाहेर आहे. बांध म्हणून साळूला विचारावं, तर ते पाणी आहे. ते कुणाच्याच खात्यात येत नाही, बाई.”

“मग माझ्या अंड्यांच्या खात्यात येऊ दे म्हणता काय?”

“सरडा आला असेल गं आंघोळीला!” एक ससा मागून म्हणाला, आणि सगळी टेकडी हसली. हरणं हसली, मोर हसला. कोल्हाही हसला, पण त्यानं लगेच तोंड पुसलं. वाईट वाटू नये म्हणून.

टिटवी तिथून निघाली ती रागानं लाल होऊन. म्हणाली, बरं, याला नुसतं ‘आहे का, उभं आहे का’ विचारता येतं. मी नीट विचारते.

बांधावर अर्जुनाचं एक जुनं झाड होतं. त्याच्या खोडावर सुतारपक्षी टकटक करत होता.

“सुतारमामा, झाड कसं आहे?”

“उभं आहे,” सुतारपक्षी म्हणाला.

“ते मलाही दिसतंय. जिवंत आहे का?”

टकटक थांबली. “आता तसं विचारशील तर... शेंडा वाळलाय. खोड आतून पोकळ झालंय. मला काय, बरंच आहे. घर प्रशस्त झालं.”

“आणि मुळं?”

“मुळं जमिनीत असतात, टिटवे. मी खोडातला. खाली कुणीतरी राहतं म्हणे. अंधार पडला की खरखर ऐकू येते. इतकी वर्षं झाली, पण भेट काही नाही. ती उठते तेव्हा माझा डोळा लागलेला असतो.”

टिटवी खाली उतरली आणि बिळाच्या तोंडाशी जाऊन ओरडली. आतून काटे खडखडले आणि झोपेतला आवाज आला, “कोण गं बाई बोंबलतंय भर दुपारचं?”

“मी टिटवी. साळूबाई, बिळात ओल आहे का?”

“आहे ना. मागच्या अंगाला चिखल झालाय नुसता. पाऊस मुरला असेल.”

“पाऊस? अगं, आभाळात एक ढग नाही!”

“ते मला काय ठाऊक? मी बाहेर पडते तेव्हा आभाळ काळंच असतं.” आणि साळू कूस बदलून पुन्हा घोरायला लागली.

राहिली मरळ. मुलांनो, इथे मात्र टिटवीचं चुकलं, आणि जे चुकलं ते चुकलं म्हटलं पाहिजे. टिटवीनं आपल्या मनात चोर आधीच पकडला होता. मरळ आपल्या पिल्लांसाठी तळाचा गाळ उकरून जागा करते, हे तिला माहीत होतं. तिनंच उकरून उकरून बांधाला भोक पाडलं असणार! टिटवी काठावर जाऊन पाण्यावर तोंड करून ओरडली, “ए मरळे! वर ये! तुझी उकराउकर थांबव, नाहीतर सगळ्यांना बुडवशील!”

मरळ वर आली ती डोळे वटारून. “मी उकरते ती पलीकडच्या काठाला, गवतात. बांधाकडे फिरकतसुद्धा नाही. आणि मला शिकवतेस? माझी पिल्लं रोज कमी होतायत, इथे माझ्या जिवाला घोर लागलाय. तुझ्या त्या बगळ्याला सांग आधी, माझी पिल्लं गिळू नको म्हणावं!”

“बगळा माझा कोण लागतो?”

“पंखवाले सगळे एकच!”

“आणि पाण्यातले सगळे चिखल करणारे!”

झालं. दोन आया काठावर अशा भांडल्या, की बेडकांनी कानावर पाय ठेवले. शेवटी मरळीनं शेपटीनं पाणी उडवून टिटवीला भिजवलं आणि ती खोल निघून गेली.

टिटवी घरी आली ती निथळत, थकून. पाहते तर डबकं वाढलं होतं. टिटवा अंड्यांवरून उठून, अंड्यांखाली एकेक खडा सरकवून त्यांची जागा उंच करत होता. दिवसभर त्यानं तेवढंच केलं होतं. त्याच्या चोचीच्या कडेला सोललं होतं.

टिटवीनं त्याला सगळं सांगितलं. मामा काय म्हणाले, साळू काय म्हणाली, मरळीनं कसं भिजवलं. टिटवा खडे सरकवत ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, “तू तिघांनाही भेटलीस. पण ती तिघं एकमेकांना कधी भेटलीत का?”

टिटवी तोंड उघडून बसली. एरवी बोलत नाही हा माणूस, आणि बोलला तर असं!

खरंच, कधी भेटणार ती? टेकडीवर मासा चढेल का? दुपारी साळू जागी असते का? रात्री सुतारपक्षी जागा असतो का? एकाच झाडाच्या खोडात एक राहतो, मुळाशी दुसरी राहते, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही! कोल्हा बिचारा एकेकाला गाठून विचारतो, एकेकाचं ‘ठीक आहे’ गोळा करतो, आणि त्यांची मोळी बांधून टेकडीवर नेतो.

“तिन्हीसांजेला,” टिटवी म्हणाली. “तेव्हा मामा झोपलेले नसतात आणि साळू नुकतीच उठलेली असते. आणि बैठक काठावर, अर्जुनाच्या झाडाखाली. मरळीनं डोकं वर काढलं की ती बैठकीत!”

ती पुन्हा निघाली. सगळ्यांना एकच सांगितलं. “आज तिन्हीसांजेला काठावर या. येताना उत्तर आणायचं नाही. तुमची उत्तरं मी दिवसभर ऐकली, सगळी ‘ठीक आहे’ आहेत. एक प्रश्न आणा. ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही, असा. आणि ज्याला येईल असं वाटतं, त्यालाही बरोबर आणा.”

सुतारपक्षी बरं म्हणाला. साळू झोपेत हं म्हणाली. मरळीकडे जायचं मात्र टिटवीच्या जिवावर आलं होतं. तरी ती काठावर गेली. हळूच म्हणाली, आणि टिटवीनं हळूच बोलणं म्हणजे केवढी गोष्ट, “मरळबाई, चोर मी विचारण्याआधीच ठरवला. चुकलं माझं. माझी अंडी आहेत खाली. तुझी पिल्लं आहेत. भांडण आपण मागाहून पुरं करू. आज येशील का?”

पाण्यावर एक बुडबुडा आला. त्यामागून मरळीचं डोकं आलं. “बगळा नको.”

“नाही येणार बगळा.”

“येते मग.”

तिन्हीसांज झाली. बैठकीला कुणी आसन मांडलं नाही की भाषण केलं नाही. सुतारपक्षी खोडाच्या बुंध्याशी उतरला. साळू काटे झटकत बिळातून वर आली. तिनं आपल्या ओळखीचं एक रानडुक्कर बरोबर आणलं होतं. रात्री दोघं कंदमुळं उकरायला एकत्र जात.

“अगंबाई, म्हणजे तुम्ही ते वरचे!” साळू सुतारपक्ष्याला म्हणाली. “माझ्या झोपेचं खोबरं करणारे!”

“आणि तुम्ही त्या खालच्या! रात्रभर काय कुरतडता हो एवढं?”

“मूळ आहे एक माझ्या बिळात. मऊ झालंय छान. हात न हलवता घरबसल्या खायला.”

“भांडू नका, सुरू करा,” टिटवी म्हणाली. एका डोळ्यानं ती खाली टिटव्याकडे पाहत होती. पाणी त्याच्या पायांपर्यंत आलं होतं.

रानडुकरानं घसा खाकरला. “मला वाटतं, बांध पक्का आहे.”

“उत्तर नको!” सगळे एकदम ओरडले. डुक्कर खाली बसलं.

पाण्यातून मरळ बोलली. तिचा आवाज आता भांडणाचा नव्हता. “माझा प्रश्न आहे. माझी पिल्लं इथे, या झाडासमोर बांधाजवळ आली की परत येत नाहीत. बगळा नेतो म्हणावं, तर इथे त्याचे पाय टेकत नाहीत, इतकं खोल आहे. मी लपून पाहिलं. कुणी येत नाही. पिल्लू पोहत येतं, आणि नाहीसं होतं. त्याला नेतं कोण?”

टिटवीनं विचारलं, “कशी दिसतात गं तुझी पिल्लं?”

“लहान आहेत अजून. काडीएवढी. तांबूस.”

टिटवी तडक उडाली. बांधाखालच्या डबक्यात सकाळी जे वळवळत होतं, ज्याला ती अळ्या समजली होती, त्यावर तिनं चोच मारली. पण हलकेच, आपल्या अंड्याला लावावी तशी. चोचीत एक तांबूस काडी तडफडत होती. ती घेऊन टिटवी परत आली आणि तिनं ती मरळीसमोर पाण्यात सोडली.

काडी पोहायला लागली. मरळीच्या कल्ल्यांना जाऊन चिकटली.

“माझं!” मरळ म्हणाली. “कुठे सापडलं?”

“खाली. बांधाच्या पलीकडे. आणखी आहेत.”

आता सगळे उभे राहिले. तळ्यातलं पिल्लू बांधाच्या पलीकडे जातं कसं? उडून तर जात नाही! म्हणजे बांधातून वाट आहे. इथून शिरते आणि तिथे निघते. पण मातीत माशाएवढी गुळगुळीत वाट केली कुणी?

“साळूबाई,” सुतारपक्षी म्हणाला, “ते तुमचं मऊ मूळ. ते कोणत्या बाजूनं येतं हो?”

“तळ्याच्या बाजूनं. पण मामा, मीही हेच विचारायला आले होते. ते मूळ मी खाते, तर आतून पोकळ निघतं. मुळं कधी पोकळ असतात का? कोणत्या झाडाचं आहे ते?”

सुतारपक्ष्यानं वर पाहिलं. वाळलेल्या शेंड्याकडे. मग खाली उतरून जमिनीबाहेर आलेल्या एकेका मुळावर त्यानं चोच आपटली. टक. टक. टक. आणि एकावर, टोक्क! रिकाम्या मडक्यावर वाजावं तसं.

“हे बघा,” तो म्हणाला. “झाड वरून मेलं, हे मला ठाऊक होतं. मेलेल्या झाडाची मुळंही कुजणार, एवढा साधा विचार मी केला नाही. मूळ तळ्याच्या बाजूनं शिरलं, आणि कुजून आतून पोकळ झालं.”

“आणि त्याचं दुसरं टोक मी खाऊन उघडं केलं,” साळू म्हणाली. “म्हणून माझ्या बिळात चिखल.”

“आणि तुमच्या बिळातून माझ्या अंड्यांशी,” टिटवी म्हणाली.

एवढंच होतं ते. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, आणि तुकडे जुळायला एक संध्याकाळ पुरली. पण ती संध्याकाळ जर उद्यावर गेली असती, तर ही गोष्ट मी तुम्हाला हसत सांगितली नसती. कारण पाणी आता धारेनं नाही, लोंढ्यानं यायला लागलं होतं. पोकळ मुळाभोवतीची माती ढासळत होती.

“तोंड बुजवा आधी!” टिटवी ओरडली. आणि या वेळी तिच्या ओरडण्यावर सगळे धावले.

मरळ पाण्यात बुडी मारून मुळाचं तोंड शोधायला गेली. ओढ एवढी होती, की तीच आत खेचली जायची. तिनं तळाचं शेवाळ तोंडानं उपटून त्या ओढीत सोडलं. पाण्यानंच ते आत ओढलं आणि तोंडात दाबून बसवलं. रानडुकरानं आपलं सगळं कुटुंब हाकारून आणलं. अंगाला चिकण माती माखून यायचं आणि मरळ दाखवेल तिथे पाण्यात उतरून लोळायचं. असलं काम त्यांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. डुकराची पिल्लं तर एवढी खूश झाली, की थांबवल्यावर रडली.

पण वरून तोंड बुजलं तरी खालची वाट मोकळीच होती. ती बुजवायची, म्हणजे साळूचं बीळ बुजवायचं. हे सगळ्यांच्या लक्षात आलं, पण सांगणार कोण? त्या बिळात साळूची आई राहिली होती. साळू तिथेच जन्मली होती.

कुणी काही बोलायच्या आत साळू वळली आणि आपल्याच घराच्या छताला तिनं पंजे लावले. “बघत काय बसलात? ओढा माती!” ती खेकसली. “मोठं होतं ते बीळ मला एकटीला. झाडायचा कंटाळाच यायचा.”

सगळ्यांनी मिळून माती ओढली. सुतारपक्षी आणि टिटवी चोचीतून खडे आणून टाकत होते. बीळ भरत आलं, तशी धार बारीक झाली. तरी टिटवीला चैन पडेना. ती खाली येऊन पाण्याकडे टक लावून बसली. लाल धार गुलाबी झाली. मग फिकी झाली. मग ती काचेसारखी स्वच्छ आली. बांध पाझरत होता, जुन्या सवयीनं, पण माती आता जागची हलत नव्हती.

टिटवा अंड्यांवर तसाच बसून होता, पोटापर्यंत भिजलेला. “उठू का आता?” त्यानं विचारलं.

टिटवीनं त्याच्या सोललेल्या चोचीला आपली चोच लावली. “उठा,” ती म्हणाली. “माझी पाळी.” आणि डबक्यातली उरलेली तांबूस काड्यांसारखी पिल्लं उचलून टिटव्यानं एकेक करून मरळीला नेऊन दिली.

थोड्याच दिवसांत अंडी फुटली. टिटवीची पिल्लं मोठी गमतीची. बाहेर पडतात आणि पळायलाच लागतात. आईच्या मागे गोट्यांतून तुरुतुरु पळणारी ती पिल्लं पाहायला अख्खं जंगल लोटलं. टेकडीवरचेही उतरले. ससे आले, मोर आला, आणि सगळ्यांच्या पुढे कोल्हा.

“छान! अतिशय छान!” कोल्हा म्हणाला. “आता एवढं मोठं संकट येऊन गेलं, म्हणजे कुणाचा तरी दोष असणारच. तो ठरवला पाहिजे. साळूबाई, मूळ कुणी खाल्लं?”

साळूनं मान खाली घातली. “मी.”

“सुतारपक्षी, झाड मेलेलं ठाऊक असून कोण गप्प बसलं?”

“मी.”

“मरळबाई, पिल्लं नाहीशी होत होती, ते जंगलाला कळवलं का?”

मरळीनं डोकं पाण्याखाली घेतलं.

“म्हणजे दोषी हे तिघं,” कोल्हा म्हणाला. “टेकडीवर या. तिथे सविस्तर—”

“थांबा,” टिटवी म्हणाली. ती ओरडली नाही. पिल्लांना पंखाखाली घेऊन बसली होती, तिथूनच बोलली. “कोल्होबा, या तिघांनी जे केलं ते पोटासाठी आणि पिल्लांसाठी केलं. साळू मूळ खाते, कारण साळू मूळच खाते. मामा पोकळ खोडात राहतात, कारण ते तिथेच राहतात. प्रत्येकाला आपापल्या जागचं ठाऊक होतं आणि शेजारच्या जागचं ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे होतं? मी तर मरळीला चोर ठरवून बसले होते. पण मला एक सांगा. ही एकमेकांना भेटली, त्याच संध्याकाळी भोक सापडलं. मग इतकी वर्षं ही भेटली का नाहीत? जिथे मासा चढू शकत नाही, तिथे बैठक कुणी भरवली? साळू झोपलेली असते, तीच वेळ कुणी ठरवली? एकेकाला बाजूला घेऊन ‘आहे ना? उभं आहे ना?’ कुणी विचारलं?”

कोल्ह्यानं सशांकडे पाहिलं. ससे पिल्लांकडे पाहत होते. त्यानं मोराकडे पाहिलं. मोर पिसारा आवरत होता.

“तुम्ही वाईट नाही हो,” टिटवी म्हणाली. “सावलीत बसायची सवय लागली तुम्हाला. पुढच्या बैठकीला काठावर या. तिन्हीसांजेला. आणि येताना एक प्रश्न घेऊन या.”

तात्पर्य : ज्याला त्याला आपल्याच जागेपुरतं दिसतं, आणि संकट शिरतं ते दोन जागांच्या मधल्या फटीतून, म्हणून शोध घ्यायचा तर सगळ्यांना पोचता येईल अशा जागी, सगळे जागे असतील अशा वेळी एकत्र बसावं आणि एकमेकांना विचारत विचारत घ्यावा. आणि बांध फुटायला आला तो दोष कुणाचा, असं कुणी तुम्हाला विचारलंच, तर साळूचं नाव घेऊ नका, सुतारपक्ष्याचं घेऊ नका, मरळीचं तर मुळीच घेऊ नका. न घाबरता सांगा : कोल्हा.